पडदा भरायची खोड

पार्से गावच्या कृष्णनाथाला एकच खोड होती, पडदा भरून दाखवायची. घरोघरी मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर बसवण्याचा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाईक एकजात सारखं. जुन्या चित्राच्या दोन बाजूंना काळे पट्टे दिसले की म्हणणार, "एवढो पडदो घेतलंय तो काळोख बघूक?" मग कृष्णनाथ चित्र मोठं करून द्यायचा. वर-खाली थोडं कापलं जाई, पण कापलेलं शोधायला बसलंय कोण!

त्या दुपारी मुळगावच्या पद्मावतीकाकींकडे मात्र काम जोखमीचं होतं. गावच्या जत्रेतल्या नाटकाची जुनी व्हिडिओ कॅसेट. फितीला बुरशी धरलेली, लेप सुटत चाललेला. "काकी, ही एकदाच चालतली," त्याने आधीच सांगून टाकलं होतं. नाटकात काकींच्या नवऱ्याने राजाचं काम केलेलं, पण काकींना राजा नको होता. स्टेजच्या पायथ्याशी त्यांची लहानगी लेक सिद्धी बसली होती. त्याच पावसाळ्यात पोर तापाने गेलं. तिचं हलतंबोलतं चित्र म्हणून जगात तेवढंच.

जुन्या कॅसेटमधून चित्र अर्धंअर्धं येतं. आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या. कृष्णनाथाचा प्रोसेसर त्या जुळवतो आणि थोड्या रेघांच्या पुष्कळ करतो. उणी रेघ शेजारणींवरून अंदाजाने भरतो. त्याच्यापुढे रेकॉर्डर जोडलेला. प्रोसेसर देईल तेवढंच त्यात उतरणार.

फीत सुरू झाली. कृष्णनाथाचा सगळा जीव तिच्या किरकिरीत अडकलेला. राजा आला, दरबार काठोकाठ भरला. काकी पुढे सरकल्या.

"माजा सिद्धी खंय असा रे? हंयसरच बसलला होता."

त्याने पाहिलं. राजाला पाय नव्हते. सवयीचा हात चित्र मोठं करून बसला होता, आणि कापलेलं काही प्रोसेसरला अंदाजाने भरता येत नाही. मेल्या, काय केलंस हे! त्याने मनातच स्वतःला शिवी घातली. थांबवावी तर फीत यंत्रातल्या तिला वाचणाऱ्या हेडला चिकटणार, चालू ठेवावी तर पोर निसटतंय. त्याने मूळ आकाराचं बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट झाला. नवा आकार जुळवायला यंत्र थोडा वेळ घेतं हे त्याला ठाऊक होतं, पण फीत त्या काळोखातही पुढे सरकत होती. पेटी-तबला ऐकू येत होता. काकींनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

चित्र आलं. दोन बाजूंना काळे पट्टे, आणि खाली अगदी काठावर दोन वेण्यांचं पोर जत्रेतलं गोड खाजं खात बसलेलं. पोराने मान वळवली, कुणाला तरी शोधलं आणि हसलं. लगेच पांढरे फराटे उठले, कर्रकन आवाज झाला आणि फीत तुटली.

कृष्णनाथाला मान वर करवेना. सिद्धी उतरली होती ती हसण्यापुरती. आधीची सगळी त्याच्या खोडीपायी गेली.

"कोणाक शोधता ता, समाजला तुका?" काकी म्हणाल्या. "माका. मी मागे बसललंय."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि रेकॉर्डरात उतरलेलं परत लावायला सांगितलं. कृष्णनाथाने लावलं, आणि दिवेलागणीपर्यंत तो तेवढंच लावत राहिला.