गुर्राचा उजवा सुळा

समोरचा माणूस हसला की बत्तिशीकाकांना आधी त्याच्या कवळीतली चूक दिसायची आणि मग, सवड असली तर, माणूस. लग्नसमारंभात ते वधूवरांकडे ढुंकून बघत नसत. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची तोंडं न्याहाळत बसत आणि शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणत, "ते करड्या कोटातले बघा. दात आहेत की कुंपणाच्या फळ्या? बनवणारा मूळचा सुतार असणार." शेजारच्याचीही कवळी असली तर तो बिचारा उरलेला समारंभ ओठ घट्ट मिटून काढायचा.

चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या केल्या. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवायचे. काका प्लास्टरचा जबडा ओतायचे, त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि मग सगळं साच्यात घालून, उकळून पक्की कवळी काढायचे. कारखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत टेबल, फोन आणि आल्यागेल्याला बसायला बाक. मागच्या खोलीत खिडकीखाली कामाचा ओटा. दोन्ही खोल्यांत बारा महिने गरम मेणाचा वास.

माणूस खवट, पण हात असा की बघत राहावं. त्यांच्या उमेदीत नाटक कंपन्यांचं त्यांच्यावाचून पान हलत नसे. राक्षसाला सुळे हवेत, खलनायकाचा एक दात लखलखायला हवा, तिसऱ्या अंकात नायिका बोळकी दिसायला हवी, की निघाला काकांकडे निरोप. नुसते दात करून देऊन ते मोकळे होत नसत. नटाला समोर बसवत, दात चढवत, त्याचं सगळ्यात लांब भाषण म्हणायला लावत आणि एक 'स' जरी घसरला तरी दात उतरवून पुन्हा घासायला घेत. "शेवटच्या रांगेतल्याने शब्द ऐकायला तिकीट काढलंय," म्हणत, "तुमची शिट्टी ऐकायला नाही." या हातांच्या जिवावर कितीजणांनी टाळ्या घेतल्या! शेवटच्या नमस्काराला यांना मात्र कुणी पुढे बोलावलं नाही. काका विंगेत उभे राहून त्या टाळ्यांनाही नाक मुरडायचे. "नुसता ओरडतो मेला. पण दात छान दिसले."

मुलगी एकुलती एक. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकली. काकांचा हात कापू लागल्यापासून मेणात दात बसवण्याचं सगळं नाजूक काम तीच करायची. हे सगळ्या दवाखान्यांना ठाऊक होतं. काकांनी ते तोंडाने कधी कबूल केलं नव्हतं, एवढंच.

गेल्या मंगळवारी तिच्या हातून चूक झाली. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या वरच्या कवळीत तिने डावा सुळा उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. जबडा समोर ठेवून काम करताना त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. या धंद्यात माणूस फसला तर तिथेच फसतो. काम अजून मेणातच होतं, दहा मिनिटांत सुधारलं असतं. पण नेमका त्याच वेळी दवाखान्याचा माणूस कवळ्यांचे डबे न्यायला आला होता, आणि काकांनी तो जबडा त्याच्यासमोर नाचवला. "बघा! बारा वर्षं शिकवलं, अजून डावं-उजवं कळत नाही. हिच्या हातात जबडा देण्यापेक्षा झाडू द्यावा."

दवाखान्याचा माणूस म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. बुधवारी ही बातमी गावभर झाली. गुरुवारी पुलापलीकडच्या कारखान्याने मुलीला बोलावून घेतलं. सोमवारपासून ती तिकडे जाणार होती. ती गेली तर आपल्या दाराला महिन्याभरात कुलूप लागेल, हे काकांना लख्ख दिसत होतं. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरत होते.

रविवारी सकाळी ती आपली हत्यारं न्यायला आली. बापाकडे न बघता सरळ मागच्या खोलीत गेली. पाठोपाठ जावई आला, पण त्याचं काम वेगळं होतं. जावई वीज कंपनीत मीटर तपासायचा आणि उरलेल्या वेळात 'लोहग्रह'वर राहायचा.

'लोहग्रह' हा पंचवीस वर्षांपूर्वीचा अंतराळपट. त्यातला गुर्रा, म्हणजे परग्रहावरचा तो केसाळ, अवाढव्य प्राणी, कॅप्टनच्या तोंडावर येऊन गर्जना करतो आणि पडदाभर त्याचा जबडा दिसतो. वरचा डावा सुळा हातभर लांब. उजव्या सुळ्याच्या जागी नुसती हिरडी. त्या एका दृश्यावर जावयाच्या मंडळाने आयुष्य वाहिलं होतं. मंडळ भरायचं रविवारी, कारखाना बंद असायचा म्हणून, सासऱ्याच्या पुढच्या खोलीत. आता सिनेमाचा दुसरा भाग महिन्यावर आला होता.

"दात दिला त्याला! दात दिला!" टपाल कचेरीतला कारकून बाकावर टेकायच्या आधीच ओरडला. "पोस्टर बघितलंत? दोन्ही सुळे! पांढरेशुभ्र! हा काय टूथपेस्टची जाहिरात करणार आहे?"

"ओरडू नका हो," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पोस्टरची आणि जुन्या दृश्याची अशी दोन मोठी छायाचित्रं आणली होती. "पंचवीस वर्षं गेलीयत मध्ये. उगवला असेल पुन्हा. शार्कला उगवतात."

"गुर्रा काय मासा आहे, बाई?"

"सस्तन आहे असं तरी कुठे सांगितलंय?"

"पिल्लू होतं त्याला!"

"पिल्लू मगरीलाही असतं. सहावीच्या पोरांना माहितीये."

जावयाने दोन्ही हात वर केले. "मुद्दा तो नाहीये. मुद्दा दुःखाचा आहे. लोहग्रहावर ज्याचं पिल्लू मरतं, तो आपला उजवा सुळा स्वतः उपटतो आणि पिल्लाशेजारी पुरतो. गुर्राची सगळी कहाणी त्या एका फटीत आहे. ती बुजवली की दुसरा भाग संपला. मग नुसता केसांचा ढीग."

कारकुनाने डोळे टिपले. खरोखर टिपले. टेबलापाशी वर्तमानपत्र धरून बसलेल्या काकांना ते सहन झालं नाही.

"जावईबापू, हे सुळा पुरण्याचं सिनेमात कुणी सांगतं का?"

"सांगायला कशाला हवं, बाबा? दिसतं ते."

"मीटरही असेच वाचता काय? तरीच आमची बिलं तशी येतात."

"काका, तुम्हाला नाही कळायचं," कारकून म्हणाला. "हे भावनेचं आहे."

"दात उपटण्यात भावना? चला माझ्याबरोबर दवाखान्यात. रोज सकाळी दहा ते एक भावना उचंबळत असते. बाहेर बाकावर ऐकू येते."

बाईंना हसू आलं, पण त्या कामाच्या बाई. पिशवीतून त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला आणि वाचला. निर्मात्यांना पाठवायचं ते निवेदन होतं. मागणी एकच: गुर्राचा उजवा सुळा काढून टाकावा. खाली नऊशे माणसांची नावं.

"फक्त एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं येईल की ती फट म्हणजे वेशभूषेतली चूक होती. म्हणून तज्ज्ञाचं मत जोडायचंय."

"आणि तज्ज्ञ तर घरातलेच!" जावयाने जुनं छायाचित्र काकांपुढे ठेवलं. "बाबा, चार ओळी लिहून द्या. की ही हिरडी बघता दात मुळात होता आणि जाणूनबुजून उपटलाय. चाळीस वर्षांचा अनुभव, खाली सही. तुमच्या नावापुढे कुणाची टाप आहे बोलायची?"

काकांनी छायाचित्राकडे पाहिलं आणि ते टेबलावर पालथं घातलं.

कारण तो जबडा त्यांनी केला होता. पंचवीस वर्षांपूर्वी नाटक कंपनीचाच एक जुना रंगभूषाकार सिनेमाच्या कामाला लागला आणि ती ऑर्डर घेऊन आला. मुदत चार दिवसांची. काकांनी जेवणखाण विसरून एकेक दात कोरला. दोन सुळे तर असे कोरले, बाहेरच्या अंगाला बाक, पाठीवर पन्हळ, की स्वतःच्याच हाताला दृष्ट लागावी. चौथ्या सकाळी दारात गाडी उभी असताना सुळे जबड्यात बसवायला घेतले, तर डावा बसला आणि दुसरा बसेना. फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. दुसराही डावाच होता. नवा करायला वेळ नव्हता. काकांनी ती खोबण लाल मेणाने भरली, हिरडीसारखी गुळगुळीत केली आणि जबडा पेटीत ठेवून मुकाट्याने देऊन टाकला. रंगभूषाकार म्हणाला, "वा! एक दात कमी ठेवलात! काय कल्पना आहे!" ती शाबासकी त्यांना थोबाडीत बसल्यासारखी लागली. सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला, शेवटच्या रांगेतून. जबडा आला तेव्हा खाली बघितलं. बायकोलाही सांगितलं नाही. जगाच्या तोंडातल्या चुका मोजणाऱ्याने आपली एक लाल मेणाखाली पुरली होती.

आणि आता ही माणसं तिच्यावर त्यांची सही मागत होती.

मागच्या खोलीत हत्यारं कापडात गुंडाळल्याचा आवाज येत होता. मेण कापायची सुरी, कोरणी, छोटा दिवा. काका ऐकत होते. सही केली तर सगळं झाकलेलंच राहणार होतं आणि मुलगी पाच मिनिटांत या खोलीतून चालत दाराबाहेर जाणार होती. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"तो उपटलेला नाही," ते म्हणाले. "बसवलाच नाही."

"म्हणजे?"

"हा जबडा मी केला. दोन्ही सुळे डावे कोरले. उजव्या खोबणीत डावा जाईना, म्हणून मेण भरलं. तुमचं पिल्लू, तुमचं दुःख, सगळं लाल मेण आहे."

कारकून हसला. "काका, चेष्टेलाही वेळ असते हो."

"पुरावा आहे काही?" बाईंनी विचारलं.

"पुरावा कसला? चूक केल्याची पावती घेतो का कुणी?"

"श्रेयनामावलीत तुमचं नाव नाही. मला ती पाठ आहे."

"माझं नाव कुठेच नसतं, बाई."

जावई कानापर्यंत लाल झाला होता. "मनावर घेऊ नका," तो मंडळाला हळूच म्हणाला. "मंगळवारपासून घरात जरा... बाबांचं चित्त ठिकाणावर नाहीये." मग मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं, "बाबा, असा दात करणारा कारागीर जगात एखादाच असतो. तो डावं-उजवं चुकेल का?"

"दोन्ही डावे?"

मुलगी दारात उभी होती. हातात गुंडाळी तशीच.

"दोन्ही डावे," काका म्हणाले.

"पहिला करून झाल्यावर दुसरा त्याच्याशेजारी ठेवून बघितला नाहीत?"

"नाही. जबड्याकडे बघून कोरला. जबडा समोर होता."

"आणि त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला आली."

"आली."

ती पुढे आली, छायाचित्र उचललं, खिडकीकडे धरून तिने ती हिरडी नीट पाहिली. "मेणच आहे," ती मंडळाला म्हणाली. "हिरडीला ठिपके असतात, संत्र्याच्या सालीसारखे. आम्ही कवळीत मुद्दाम काढतो. डावीकडे काढलेत, बघा. इथे नाहीत. घाईत राहिलेत."

कारकून छायाचित्रावर वाकला, मग ताठ झाला. "तुम्ही घरचे सगळे एकाच बाजूचे," तो म्हणाला. बाईंनी निवेदनाच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवली आणि वाचून दाखवली: 'याबाबत त्रयस्थ व्यक्तींनी केलेल्या दाव्यांकडे कृपया लक्ष देऊ नये.' पाच मिनिटांत मंडळ उठलं. बाहेर फाटकापाशी, उगवलेला दात आणि बसवलेला दात यातला फरक कॅमेऱ्यात दिसेल की नाही, यावरून पुन्हा कडाक्याचं भांडण जुंपलेलं ऐकू येत होतं. त्यात जावयाचा आवाज सगळ्यात वर होता.

खोलीत दोघंच उरली.

"मंगळवारी मी नेमकं हेच सांगत होते," मुलगी म्हणाली. "जबडा समोर होता म्हणून. तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली.

"काय म्हणालात, बाबा?"

"झाडू."

"पूर्ण म्हणा."

"हिच्या हातात जबडा देण्यापेक्षा झाडू द्यावा, म्हणालो."

"आणि मी निदान मेणात चुकले होते. तुम्ही पक्का करून पाठवलात! पडदाभर! पंचवीस वर्षं लोक त्याच्यापायी रडतायत!" तिला हसू यायला लागलं होतं आणि ते तिला आवडत नव्हतं. "मला झाडू, तर तुम्हाला काय द्यावं?"

"मी चुकलो," काका म्हणाले. "सुळ्यात. मंगळवारीही. जाऊ नकोस."

"इथे बंद दारात म्हणताय. मला बोललात ते दवाखान्याच्या माणसासमोर. त्याच्यासमोर सांगाल? सुळ्याचं, सगळं?"

तो माणूस संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कुठे कुठे पोचवील, ते काकांच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

"उद्या दहाला येतो तो डबे न्यायला," ते म्हणाले. "तू नऊला ये."

मुलीने गुंडाळी टेबलावर ठेवली.

"साडेनऊला येईन," ती म्हणाली. "नऊला येऊन काय करू, तुमचं तोंड बघू?"