तांबी आणि माझा पाचवा दिवस

धाकटीच्या बाळंतपणात मी थोडक्यात वाचले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता तिसरं नको, पुढच्या वेळी आम्ही हमी देणार नाही. म्हणून तांबी बसवायचं ठरलं. पाळी संपत आली की या, जेवून या, आधी दुखण्याची गोळी घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. मी सगळं शहाण्यासारखं केलं. ओटीपोटात एक जबरदस्त कळ आली आणि काम झालंसुद्धा. बाहेर नवरा असा घाम पुसत बसला होता, जणू तांबी त्यालाच बसवली.

पहिले काही महिने अधूनमधून रक्त जाईल, हेही बाईंनी सांगितलं होतं. पण ब्रह्मा घाटावरच्या, हिंदी मुलखात पिढ्या घालवलेल्या आमच्या मराठी भिक्षुकाच्या घरात त्याचा अर्थ काय होतो, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन स्वयंपाकघरात जायचं. माझा पाचवा दिवस काही उजाडेना. मी आपली सतरंजीवर बसून, आणि सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्यांचं रांधत होत्या. मला ताट वाढताना भिंत धरून वाकायच्या. मला ते बघवेना.

दोन्ही मुलीच झाल्या, त्यामुळे त्यांना नातवाची आस होती, म्हणून तांबीचं त्यांच्यापासून लपवलं होतं. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. "आई, सोमवारी जाऊन काढून टाकते," म्हटलं.

मला वाटलं, आता नातवाचा विषय निघणार.

"रसोईसाठी काढणार?" त्या म्हणाल्या. "घुटने माझे दुखतात, जान तुझी जाईल. काही काढायचं नाही. उद्या डोक्यावरून नहा आणि सीधी आत ये."

"पण अजून डाग..."

"चार दिवस झाले ना? बस झालं. पुढचा हिसाब मी बघीन."

दुसऱ्या दिवशी वरणभात मी केला. आयुष्यभर सोवळ्यात तडजोड न केलेल्या सासूबाईंनी माझ्या हातचा नैवेद्य देवापुढे ठेवला, पाणी फिरवलं आणि शेजारी बसलेल्याशी बोलावं तशा त्या देवाला म्हणाल्या, "हिनं केलंय. गोड मानून घे. मला ही हवी आहे."