यादीत हे आहेत, मी नाही

काल सकाळी पाणी भरून झालं होतं, डाळ शिजत होती. तेवढ्यात शेजारच्या सेल्वी अक्का मतदार यादी पाहून आल्या.

"अम्मा, यादीत तुमचे सार, तुमचे यजमान आहेत, तुम्ही मयत! मग डाळ कोण शिजवतंय?" त्या हसल्या. मी गॅस बंद केला.

हे गेल्यावर त्यांचं नाव काढायचा अर्ज मीच दिला होता. इतकी वर्षं चेन्नईत राहून तमिळ बोलते, पण वाचता येत नाही. दाखवलं तिथे सही केली.

ऑस्ट्रेलियातला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, इथे मत दिलं नाही तर दंड होतो." इकडे मला आधी जिवंत ठरायचंय. उद्या बँकही मयत म्हणाली तर?

तुम्ही तुमचं नाव पाहिलंत का?

आज सकाळी जाऊन माझं नाव घालायचा अर्ज दिला. ह्यांचं काढायचा पुन्हा दिला.