आमच्या पेशंटांची मोजामोजी

सालेकशात दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली. औषधं ठेवायला कपाट आहे, जुने रिपोर्ट ठेवायला माळा आहे; पेशंटांचे किस्से मात्र डोक्यातच साठत जातात. आणि त्यांच्या हातात मोबाइल, मशीन, घड्याळं आल्यापासून तर विचारूच नका! पूर्वी मी सांगायचे, ते ऐकायचे. आता ते मोजून आणतात आणि मी ऐकते.

*

टेंभरेकाका साठीचे, धानाचे शेतकरी, बोलायला सरळसोट. दवाखान्यात आले की त्यांचं बीपी एकशे साठ. मी दोनदा डोस वाढवला. तिसऱ्यांदा काकांनी मोबाइल काढला. महिनाभर रोज सकाळी घरच्या बीपी मशीनचा फोटो! एकही आकडा एकशे तीसच्या वर नाही.

"काका, तुमची मशीन चुकत असेल."

"थैलीत आनली हाय. तुमची अन् माझी, दोनी लावून पाहा."

लावल्या. दोन्हींवर एकशे साठ!

शर्टाची बाही खाली करत काका म्हणाले, "मशीन दोनी बरोबर हायत, मॅडम. बीपी मले तुमाले पाहून होते!"

वाढवलेला डोस मी मुकाट्यानं कमी केला.

*

शांताबाईंचं घर गावतलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. त्यांना शुगर निघाली तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "भात बंद."

"भात बंद? मंग जेवाचं काय?"

लेकीनं त्यांना बोटातलं रक्त तपासायची मशीन आणून दिली. पंधरा दिवसांनी बाई वही घेऊन हजर. एक दिवस वाटीभर भात खाऊन खाटेवर आडव्या झाल्या, दोन तासांनी शुगर तपासली. दुसऱ्या दिवशी तेवढाच भात खाऊन पाळीवरून एक चक्कर मारली, पुन्हा दोन तासांनी तपासली. असं आलटून पालटून, सगळे आकडे समोरासमोर मांडलेले. चक्कर मारलेल्या दिवसांची शुगर दरवेळी कमी!

मी वहीची पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"दोष भाताचा नाही, मॅडम," बाई म्हणाल्या, "खाटेचा हाय!"

आता मी 'भात बंद' म्हणत नाही. अर्धी वाटी म्हणते, आणि चक्कर मारायला सांगते.

*

बिसेन म्हातारबांचं हृदय कमजोर. अंगात पाणी साठतं, म्हणून रोज वजन करा, असं सांगितलं होतं. घरी काटा नाही. मग ते रोज सकाळी राइस मिलमधल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, धानाच्या पोत्यांच्या रांगेत उभे राहायचे!

एक दिवस चांगले चालत आले. दम नाही, सूज नाही.

"मग आलात कशाला?"

"तीन दिवसांत अडीच किलो वाढलो. दम लागाच्या आंधी मीच आलो!"

*

बिरसीच्या हेमराजनं तिथल्या विमानतळावर पायलट व्हायला आलेल्या पोरांचं बघून स्मार्ट घड्याळ घेतलं. त्यात नाडी दिसायची अडतीस. घड्याळ खराब म्हणून तो गोंदियाच्या दुकानात परत द्यायला गेला. दुकानदारानं स्वतःच्या मनगटावर बांधलं. बहात्तर!

"भैया, घड़ी तो बढ़िया है।"

हेमराजनं परत बांधलं. अडतीस. दुसरा कुणी घड्याळ फेकून मोकळा झाला असता. यानं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकड्यांचे फोटो काढले आणि सालेकशाला सासुरवाडीला आला तसा माझ्याकडे आला. ईसीजी काढला, तर ठोके खरंच अडतीस, हृदयातच अडथळा. त्याच दिवशी त्याला नागपूरला पाठवलं, पेसमेकर बसला.

परत आला तेव्हा बायको सोबत होती. मी त्याचं कौतुक करत होते, तर ती फणकारली, "दोन वर्सांपासून मी बोंबलून राहिली, हा मानूस सुस्त झाला म्हनून. माझं नाही आयकलं, घडीचं आयकलं!"

*

सुकवंताबाई मडावी जंगलातल्या गावची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हाडं ठणकायला लागली की गडाबडा लोळते. एकदा एका मोठ्या दवाखान्यात तिला 'नखरे करते' म्हणाले. सुकवंताला लिहिता येत नाही. त्या दिवसापासून ती दुखणं फोनमध्ये बोलून भरून ठेवायला लागली. गोंडीत.

वर्षभराचं रेकॉर्डिंग घेऊन ती माझ्याकडे आली. मला गोंडी येत नाही. ती एकेक ऐकवायची आणि मराठीत सांगायची. "हे तेंदूपत्त्याच्या दिवसातलं. उन्हात होती, पानी नाही पेली." "हे धानाच्या रोवण्याचं. दिवसभर थंड्या पान्यात उभी होती." दर दुखण्याच्या आदल्या दिवशी काय झालं, ते तिनं स्वतःच हुडकून काढलं होतं.

मी गोळ्या सुरू केल्या. तिनं पाण्याची बाटली कमरेला बांधली. पुढं दर महिन्याला रेकॉर्डिंगं कमी होत गेली.

गेल्या वेळी आली, ती फोन टेबलावर ठेवूनच बसली. "कचारगडाच्या जत्रेत डोंगर चढताना भरलं."

मी ऐकलं. दगडांवर पावलं, बायांचं हसणं, धापा, मागून कुणाचं तरी गाणं. चार मिनिटं तेच.

"सुकवंताबाई, यात दुखण्याचं कुठं आहे?"

"नाही ना!" ती म्हणाली. "त्या दिवशी दुखलंच नाही. तेबी भरून ठेवा लागते ना, मॅडम?"