लेक मिशिगनचा सॅमन आणि माझा ऑन-कॉल

मंडळी, आत्ताच नेपरव्हिलला घरी पोचलोय. अंगात त्राण नाही, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

बाबा रत्नागिरीहून आले तेव्हापासून त्यांना लेक मिशिगनवर मासेमारीला जायचं होतं. अख्खा समर मी "पुढच्या वीकेंडला नक्की" म्हणत राहिलो. मंगळवारी त्यांची परतीची फ्लाइट, म्हणून आज एकदाचे गेलो.

बोट संथ चालत होती, मागे पाण्यात सहा गळ ओढले जात होते. पाच तास काहीही नाही. मग एक रॉड वाकला! कॅप्टनने तो बाबांना दिला, तर बाबा म्हणाले, "तू ओढ रे, माझा खांदा धरलाय."

चांगला मोठा सॅमन होता. अगदी बोटीजवळ आला आणि माझा फोन वाजला. मी ऑन-कॉल होतो, म्हणजे सुट्टीतही ऑफिसची सिस्टिम बिघडली तर धावायची पाळी माझी. मूर्खासारखा एक हात खिशात गेला, दोरी सैल पडली, मासा गेला.

फोन बघितला, तर सिस्टिम बिघडल्याचा अलर्ट आपोआप क्लिअर झालेला, मला काही करायची गरजच नव्हती.

मला वर बघवेना. बाबांनी पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रे. पुढच्या वीकेंडला येऊ."

तुमच्याकडे आलेत का कुणाचे आई-बाबा? त्यांना कुठे न्यायचं राहिलंय?