पडद्यावरचे वॉचमन

बाबा वाशिंदजवळच्या एका कारखान्यात वॉचमन होते. शेणवे गावातली भातशेती भावांवर सोडून ते या नोकरीला आले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. कल्याणहून एक जुना गेम कन्सोल आणला होता, आणि त्यातल्या एका खेळाने मला पुरतं वेड लावलं होतं. बर्फातल्या लष्करी तळावर आपला माणूस एकटाच शिरतो आणि पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत आत जातो. भिंतीवर टकटक करायची. आवाज कसला म्हणून पहारेकरी बघायला आला की मागून जाऊन त्याची मान मोडायची. प्रेत थोड्या वेळाने आपोआप नाहीसं व्हायचं. बाकीच्या पहारेकऱ्यांना त्याचं काही नसायचं.

रात्रपाळीची झोप काढून उठले की बाबा चहा पीत बघत बसायचे.

"त्याला कशाला मारला रे? तो बिचारा ड्युटीवर हाय."

"वाटेत होता, बाबा."

ते हसायचे. मीही हसायचो.

त्या हिवाळ्यात कारखान्यात तांब्याच्या तारा चोरायला माणसं शिरली. मागच्या गेटशी काहीतरी खडखडलं म्हणून बाबा बघायला गेले आणि मागून डोक्यात रॉड बसला. सकाळपाळीचे कामगार येईपर्यंत ते तिथंच पडून होते. शहापूरच्या दवाखान्यात टाके घातले. डाव्या कानाचं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. "आवाज झाला म्हणून गेलो," ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

काही महिने कन्सोलला हात लावला नाही. मग बाबा बाहेर गेले की आवाज बंद करून पुन्हा खेळू लागलो. माना तशाच मोडत होतो, फक्त आवाज नव्हता.

पुढे मला मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, बाबा घरी बसले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या भावाने आखातातून नवा कन्सोल आणला होता, आणि त्यावर तोच खेळ नव्याने बनवून आला होता. सुट्टीपुरता मी तो मागून घेतला. तोच तळ, तोच बर्फ. पण चेहऱ्यांना आता डोळे होते. पूर्वी सगळं वरून दिसायचं, आता आपल्या माणसाच्या नजरेतून नेम धरता येत होता. आणि झोपेच्या सुया मारणारी बंदूक होती. मला केवढं हलकं वाटलं! मी बाबांना हाक मारली, त्यांच्या उजव्या बाजूला बसलो.

"बघा, आता मारायचं नाय. नुसता झोपवायचा."

"ड्युटीवर झोपला तर नोकरी गेली त्याची," बाबा म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

तेवढ्यात झोपलेल्याच्या वॉकीटॉकीवरून कोणीतरी त्याला हाक मारली. जबाब मिळाला नाही. जुन्या खेळात हे नव्हतं. बंदुका रोखत दोघं-तिघं आले, कोपरान् कोपरा शोधला, त्याला लाथ मारून उठवलं. तो डोळे चोळत उभा राहिला.

बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "त्यालाच शोधायला आलं ते?"

"हो. बोलला नाय तर येतात. हे नवीन केलंय."

"चांगला केलाय." मग म्हणाले, "आमच्याकडं पण वॉकी होता. मी बोललो नाय तवा कोण आलं नाय."

त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. बाबा गेटशी पडलेत ते मला त्या रात्री कळायला काहीच मार्ग नव्हता, हे खरं आहे, आणि ते मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण संध्याकाळभर खेळून मी गाढ झोपलो होतो, हेही तितकंच खरं.

"परत झोपव त्याला," बाबा म्हणाले.

मी झोपवला. बाकीचे पहारेकरी परत आले. दुपारभर आम्ही तेच करत राहिलो. बाबा दरवेळी "आलं, आलं!" म्हणत. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "तुमचा माणूस अजून दारातच हाय का?"

कन्सोल परत करताना सहकाऱ्याने विचारलं, "जुना बरा का नवा? मला तर हा फारच सोपा वाटला."

"सोपा झालाय खरा," मी म्हणालो. मी दुसऱ्या दाराच्या पुढे गेलोच नव्हतो.