बाटलीकाका आणि नाल्याचं पाणी

बाटलीकाका म्हटल्यावर भलताच अर्थ काढू नका. त्या माणसाने जन्मात सोडासुद्धा घेतला नसेल. पण मुलुंडच्या आमच्या वस्तीत ते यायचे ते पिशवीत काचेच्या बाटल्या खुळखुळवत. तलाव कशाने खराब होतोय ते शोधायला नाल्याचं पाणी भरायचे, त्यात औषध टाकायचे आणि बाटली स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र शर्टासमोर धरून रंग बघायचे. शर्ट अर्थात आमच्याच धोबीघाटावर धुतलेला.

"निळं जितकं गडद, तितका फॉस्फरस जास्त," ते सांगत. साबणातून, सांडपाण्यातून तो नाल्यात येतो आणि नाला तो तलावात नेतो. "तलावाला खत घातलं की पीक जलपर्णीचंच येणार, पोरी!" मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. बाटल्या भरणं, चिठ्ठ्या लावणं, सगळं त्यांनीच शिकवलं. अक्षर जरा वाकडं आलं की चिठ्ठी पुन्हा लिहायला लावत. राग यायचा, आणि आवडायचंही.

बाबांना त्यांनी साबण बदलायला लावला. "काका, ह्याने कॉलरचा मळ हलत नाय हो," बाबा कुरकुरले. पण काकांच्या शब्दाखातर बदलला. काही महिन्यांतच घाटाजवळचं पाणी जेमतेम निळसर यायला लागलं. थोडं पुढे टॉवरमधल्या फ्लॅटांचा सांडपाण्याचा पाइप नाल्यात सुटतो, तिथलं मात्र शाईसारखं.

मग काकांचा अहवाल सरकारी ऑफिसात गेला आणि नोटीस आली ती घाट बंद करायची. मी अहवाल मिळवून वाचला. शाईसारखी बाटली आमच्या घाटाच्या नावावर होती. ती मी माझ्या हाताने टॉवरच्या पाइपाखाली भरली होती.

तशीच त्यांच्या घरी गेले. "काका, चिठ्ठी बदललीत ना तुम्ही?"

ते चष्मा पुसत राहिले. "टॉवरवाले कोर्टात गेले असते गं. वर्षानुवर्षं लटकलं असतं. तुम्ही लोक ऐकता. काहीतरी बंद व्हायला हवं होतं ना?"

तुम्ही लोक! तोवर ते 'आपला घाट' म्हणायचे. इतका विश्वासघात माझा परक्या माणसानेही केला नसता.

घाट गेला. बाबा आता भांडुपला दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत इस्त्री करतात. तलावात जलपर्णी पूर्वीपेक्षा दाट आहे. काका गेल्या वर्षी वारले, तेव्हा बाबा त्यांच्या दारातही गेले नाहीत. त्याआधी काकांनी एका प्रयोगशाळेसाठी मला शिफारसपत्र धाडलं होतं. 'मुलगी नमुन्यांच्या बाबतीत अत्यंत प्रामाणिक आहे.' संतापाने फाडायलाच घेतलं होतं. फाडलं नाही. त्याच पत्रावर नोकरी लागली. बाबांनी वस्तीभर पेढे वाटले, आणि पत्र कोणाचं होतं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.